शुगरच्या रुग्णाची कोलोनोस्कोपी आणि आदल्या रात्रीचा कागद

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

एंडोस्कोपी विभागात तुझी बदली झाली आणि कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीच्या, रुग्णांना पूर्वतयारी (आदल्या दिवशी फक्त द्रवाहार आणि जुलाबाचे औषध घेऊन आतडे स्वच्छ करणे) समजावून सांगण्याचे काम तुझ्याकडे आले, हे वाचून समाधान वाटले. तुमच्या विभागाच्या सूचनापत्रकाचा जो फोटो तू पाठवलास, तो मी दोनदा वाचला. त्याच्या शेवटच्या ओळीबद्दलच हे पत्र लिहीत आहे: 'मधुमेहाच्या रुग्णांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.' माझ्या 32 वर्षांच्या नोकरीत ही ओळ मी किती पत्रकांवर वाचली असेल, याची गणती नाही. दुर्बिणीचे डॉक्टर म्हणतात, शुगरच्या डॉक्टरांना विचारा. शुगरचे डॉक्टर म्हणतात, तपासणी करणाऱ्यांना विचारा. मग रुग्ण घरी जातो आणि एक तर सगळ्या गोळ्या बंद करतो, नाही तर नेहमीप्रमाणे सगळ्या घेतो. दोन्हींत धोका आहे, आणि तो धोका रुग्णालयात, आपल्या डोळ्यांसमोर येत नाही. तो आदल्या रात्री त्याच्या घरी येतो.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, ज्या दिवशी तारीख ठरते त्याच दिवशी रुग्णाला आपल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या आणि इन्सुलिनचे पेन घेऊन बोलाव. चिठ्ठीवर विसंबू नकोस, कारण चिठ्ठी जुनी असते आणि मधल्या काळात औषध बदललेले असते. तुझ्यासमोर पट्ट्या मांडल्या की प्रत्येकीवरील मूळ औषधाचे नाव वाच, कंपनीने दिलेले नाव नव्हे. आपल्याकडे एकेका गोळीत दोन-दोन, तीन-तीन औषधे एकत्र असतात आणि रुग्णाच्या दृष्टीने ती 'शुगरची एक गोळी' असते. त्यात 'ग्लिफ्लोझिन' या अक्षरांनी संपणारे नाव आहे का, हे आवर्जून शोध: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन. घाईत वाचताना 'ग्लिप्टिन' (शुगरच्या गोळ्यांचा दुसराच गट) आणि 'ग्लिफ्लोझिन' यांची गल्लत होते, ती होऊ देऊ नकोस. ही औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. पोटात अन्न नाही, जुलाबाने शरीरातील पाणी गेले आहे, अशा अवस्थेत ती चालू राहिली तर रक्तात कीटोनचे (चरबी जळून तयार होणारे) घातक आम्ल साठू शकते, आणि मीटरवरील आकडा जवळजवळ नेहमीसारखाच दिसत असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप ही लक्षणे मग तयारीच्या औषधाच्या नावावर खपून जातात. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी ही औषधे किमान 3 दिवस, आणि एर्टुग्लिफ्लोझिन किमान 4 दिवस थांबवावे, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये दिली, आणि कोलोनोस्कोपीच्या तयारीतही अनेक डॉक्टर हाच हिशेब धरतात. तेव्हा आदल्या दिवशी फोन करून उपयोग नाही. ही विचारपूस आठवडाभर आधी झाली पाहिजे.

शुगर आणि वजन कमी करण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनांचेही तसेच आहे. त्यांच्यामुळे जठर सावकाश रिकामे होते आणि भूल देताना पोटातील द्रव श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. 2023 मध्ये अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने ती आठवडाभर आधी थांबवावीत असे सुचवले होते. 2024 मध्ये अनेक संघटनांनी मिळून सांगितले की बहुतेकांना ती चालू ठेवता येतील, मात्र प्रत्येक रुग्णाचा धोका वेगळा तपासावा. निर्णय भूलतज्ज्ञांचा; पण रुग्ण ते इंजेक्शन घेतो, हे त्यांना कळवणे तुझे काम.

आता डोसविषयी. तो तू ठरवायचा नाहीस, पण तो कागदावर लिहून मिळेपर्यंत फिजिशियनच्या मागे लागणे तू सोडायचे नाहीस. साधारण रीत तुला ठाऊक असावी, म्हणजे काही विसंगत लिहिलेले दिसले तर विचारता येईल. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या, खाणे असो वा नसो, साखर उतरवतातच, म्हणून निव्वळ द्रवाहाराच्या दिवशी त्या बहुधा बंद ठेवतात. मेटफॉर्मिन आदल्या दिवशी किंवा तपासणीच्या सकाळी थांबवतात. दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन कमी करतात. टाइप 1 च्या, म्हणजे ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही अशा, रुग्णाने मात्र ते स्वतःच्या मनाने कधीही पूर्ण बंद करू नये. जेवलो नाही म्हणजे इन्सुलिनची गरज नाही, हा समज त्याच्या जिवावर बेतू शकतो. सर्वांत अवघड असते ते 30/70 चे मिश्र (झटपट आणि सावकाश काम करणारे एकत्र) इन्सुलिन, कारण त्यातला जेवणासाठीचा भाग वेगळा काढता येत नाही. असे इन्सुलिन घेणाऱ्याचा डोस किती कमी करायचा, हे आकड्यात लिहून घे. 'कमी घ्या' हे पुरेसे नाही.

यानंतरचा भाग आपल्या भाषेचा आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. रुग्णाशी बोलताना 'उपास' हा शब्द वापरू नकोस. मी नवीन असताना एका बाईंना सांगितले होते, 'उद्या उपास करा.' त्यांनी श्रद्धेने उपास केला. साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याची आमटी खाल्ली. दुसऱ्या दिवशी आतड्यात दाण्यांचा चुरा होता आणि तपासणी पुढे ढकलावी लागली. चूक माझी होती, त्यांची नव्हती. याच्या उलट, 'उपाशीपोटी या' म्हटले की काही जण निर्जळी करतात. म्हणून काय चालेल ते नाव घेऊन सांग: पाणी, बिनदुधाचा चहा, गाळलेले लिंबू सरबत, वरणाचे वरचे निवळ पाणी, भाज्यांचे गाळलेले सूप, शहाळ्याचे पाणी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर शहाळे देण्यापूर्वी डॉक्टरांना विचार, कारण त्यात पोटॅशियम बरेच असते. ताक आणि दूध पातळ असले तरी पारदर्शक नाहीत. कोकम सरबत आणि बिटाचे पाणी नको. त्यांचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

त्याआधीच्या दोन-तीन दिवसांच्या जेवणाबद्दल शुगरचा रुग्ण गोंधळतो, आणि त्याचे गोंधळणे रास्तच आहे. वर्षानुवर्षे आपणच त्याला ज्वारीची भाकरी, उसळी, पालेभाज्या खा आणि भात कमी करा असे सांगत आलो, आणि आता आपणच म्हणतो की भाकरी, उसळ, पालेभाजी, जवसाची चटणी, तीळ, पेरू, इसबगोल बंद, आणि मऊ भात, साल काढलेला बटाटा चालेल. कारण समजावून सांगितले तर तो ऐकतो: चोथा आणि बिया आतड्याला चिकटून राहतात आणि त्यांच्याखाली लहानसा पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावरची गाठ) लपू शकतो. भाताने साखर थोडी वाढेल, ती मीटरवर पाहावी, भाताचे प्रमाण बेताचे ठेवावे. हेही सांग की मधुमेह जुना असेल तर आतड्याची हालचाल मंदावलेली असू शकते, आणि अशा रुग्णांचे पोट नीट साफ न होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते. बद्धकोष्ठता आहे का, हे म्हणूनच आधी विचार. डॉक्टर तयारी लवकर सुरू करतील. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद कराव्या लागतात.

जुलाबाचे औषध बहुतेक ठिकाणी पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे असते. मोठे पाकीट साधारणपणे दोन लिटर पाण्यात विरघळवायचे. त्यात अन्न काहीच नाही, हे रुग्णाला कळले पाहिजे. दोन लिटर पिऊन पोट भरल्यासारखे वाटते, पण शरीराला त्यातून साखर मिळत नाही. फॉस्फेटच्या लहान बाटलीचा पर्याय कोणी सुचवला तर मूत्रपिंडाचा रिपोर्ट पाहिल्याखेरीज मान्य करू नकोस. तिच्यामुळे मूत्रपिंडाला इजा होऊ शकते असा कडक इशारा 2008 पासून आहे, आणि मधुमेहींची मूत्रपिंडे आधीच नाजूक असू शकतात. रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्यांबद्दलही त्याच वेळी विचारून घे.

तपासणी सकाळी नऊची असेल तर पहिला लिटर आदल्या संध्याकाळी आणि दुसरा पहाटे चार-साडेचारपासून, सातच्या आत संपेल असा. पहाटे उठणे लोकांना जड जाते, तरी दोन भागांत घेतल्याने आतडे अधिक स्वच्छ होते. शेवटी पिवळसर, आरपार दिसणारे पाणी पडू लागले की तयारी झाली. गढूळ तपकिरी असेल तर येण्यापूर्वी फोन करायला सांग. शुगरच्या रुग्णाला यादीत पहिला क्रमांक मिळावा, यासाठी वाद घालावा लागला तर घाल.

आता त्या रात्रीविषयी. एका रुग्णालयात असताना पहाटे एका आजोबांना जवळजवळ बेशुद्ध अवस्थेत आणले होते. रात्री अकरापासून त्यांना घाम येत होता, हातपाय गळाले होते, ते असंबद्ध बोलत होते. मुलगा आणि सून जागे होते, काळजी घेत होते, पण प्रत्येक वेळी म्हणत होते की जुलाबाने अशक्तपणा आला आहे, सकाळी बरे वाटेल. त्यांनी नेहमीची ग्लिमेपिराइडची गोळी घेतली होती, कारण घेऊ नका असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. साखर 38 होती. ते वाचले. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो, कारण घरात मीटर होता आणि तो कपाटात होता.

साखर उतरल्याची आणि जुलाबाने थकल्याची लक्षणे इतकी सारखी असतात की अंदाज करून भागत नाही. म्हणून तुझ्या कागदावर वेळा छाप: संध्याकाळी औषध सुरू करण्यापूर्वी, झोपताना, रात्री दोन-तीनला, पहाटे उठल्यावर, आणि बरे वाटेनासे झाले की त्या क्षणी. बोट टोचण्यापूर्वी हात साबणाने धुवायला सांग. सरबताची साखर बोटाला लागलेली असली तर आकडा खोटा चढतो आणि खरी घसरण झाकली जाते. आकडा 70 च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि गरज पडल्यास पुन्हा प्यावी. रुग्ण शुद्धीवर नसेल किंवा त्याला गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता सरळ रुग्णालयात आणावे. इथे कुटुंबीय हमखास अडखळतात, कारण त्यांना वाटते की साखर घेतली तर उपाशी राहणे मोडेल आणि तपासणी रद्द होईल. त्यांना स्पष्ट शब्दांत सांग की साखरेचे पाणी पारदर्शक द्रवच आहे, आणि तपासणीआधीच्या अगदी शेवटच्या दोन तासांत, जेव्हा एरवी काही प्यायचे नसते, तेव्हा घ्यावे लागले तरी घ्यावे व आल्याबरोबर आम्हाला कळवावे. तपासणी उशिरा होईल, इतकेच. साखर न घातलेले सरबत दिवसभर पिणे हाही चुकीचा संयम आहे. त्या दिवशी थोडी साखर दर काही तासांनी पोटात गेली पाहिजे.

एकटा राहणारा रुग्ण असेल तर त्या रात्री सोबतीला कोणी येईल का, हे तारीख देण्यापूर्वीच विचार. संडासच्या वाटेवर दिवा सुरू ठेवायला सांग. पायांची संवेदना गेलेली माणसे ओल्या फरशीवर पडतात.

तपासणीनंतरचे थोडक्यात लिहिते, कारण त्यात तू तयार आहेस. भूल उतरून रुग्ण खाऊ-पिऊ लागला की मगच औषधे, आणि तीही लेखी क्रमाने. चुकलेला डोस भरून काढण्यासाठी दुप्पट घ्यायचा नाही. ग्लिफ्लोझिन सगळ्यांत शेवटी, जेवण पूर्ववत झाल्यावर.

तुमच्या पत्रकातली ती शेवटची ओळ काढून तिथे एक कोरा तक्ता टाक: औषधाचे नाव, आदल्या दिवशी किती, तपासणीच्या सकाळी किती, पुन्हा कधी, आणि खाली लिहून देणाऱ्या डॉक्टरांची सही. त्याखाली रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर ठळक अक्षरांत. अक्षर मोठे ठेव, वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर शुगरचा परिणाम झालेला असू शकतो. मसुदा झाला की छापायला देण्यापूर्वी मला पाठव. मी तो शेजारच्या आजींना वाचायला देईन आणि त्या कुठे अडतात, ते तुला कळवीन.

तुझी,
मॅडम