पू थांबला, मग सकाळचा थेंब कशाचा?

“मॅडम, परमा गेला असं वाटलं होतं. पण सकाळी उठलो की अजून थेंब येतोच. गरमी तर झाली नसेल ना?”

सुरक्षा क्लिनिकच्या, म्हणजे लैंगिक आजारांवरच्या सरकारी केंद्राच्या समुपदेशन कक्षात हा प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा येतो. परमा म्हणजे गोनोरिया, गरमी म्हणजे सिफिलिस. विचारणारा चाकणला कारखान्यात शिफ्टवर कामाला, वय २७, लग्नाला वर्ष झालेलं, बायको सध्या गावी. (केस अशा अनेक भेटींतून जुळवलेली आहे, कुणा एकाची नाही.) १५ ऑगस्टच्या जोडून आलेल्या सुट्टीत मित्रांबरोबर फिरायला गेला असताना कंडोमशिवाय संबंध आला. लघवीला जळजळ सुरू झाली, पू आला. मेडिकलवाल्याने ‘युरिन इन्फेक्शन’ म्हणून सेफिक्झिम २०० च्या दहा गोळ्या दिल्या. दोन दिवसांत पू थांबला. पंधरा दिवसांनी थेंब पुन्हा दिसायला लागला.

येताना त्याने दोन गोष्टी आणल्या होत्या : मोबाइलमध्ये नेटवरून साठवलेले जखमांचे फोटो आणि खासगी लॅबच्या रिपोर्टची फाइल. दोन्ही बाजूला ठेवून आधी तारखा विचारल्या. संबंध कोणत्या दिवशी आला? जळजळ कधी सुरू झाली? पू कधी, कसा? गोळ्या कोणत्या तारखेपासून? हे आजार ओळखायला फोटोपेक्षा कॅलेंडर जास्त कामाला येतं.

संबंध शनिवारी, जळजळ बुधवारी, गुरुवारी सकाळी चड्डीला पिवळट-हिरवट डाग. हा परम्याचा, म्हणजे गोनोरियाचा नेहमीचा वेग. पुरुषांत तो बहुधा २ ते ७ दिवसांत बोलतो आणि मोठ्याने बोलतो : घट्ट पिवळा पू, मूत्रमार्गाच्या तोंडाशी लाली, लघवी करताना चरचर. क्लॅमिडिया हा संबंधातूनच होणारा दुसरा आजार, त्याला १ ते ३ आठवडे लागतात. त्याचा स्राव पातळ, पाण्यासारखा किंवा दुधट. कधी फक्त सकाळी पहिल्या लघवीआधीचा एक थेंब, कधी नुसती खाज. जवळपास निम्म्या पुरुषांना तर काहीच जाणवत नाही.

मग आताचा थेंब? इथे बहुतेकांची गल्लत होते. एकाच संबंधातून दोन्ही जंतू येऊ शकतात. परमा आधी उगवतो, त्याच्या पुवाआड क्लॅमिडिया झाकलेला राहतो. सेफिक्झिम परम्याच्या जंतूवर चालतं, क्लॅमिडियाला त्याने काही होत नाही. म्हणून पहिला आजार ओसरला की दुसरा दिसू लागतो आणि माणसाला वाटतं, आजार उलटला. सरकारी केंद्रांत स्रावासाठी मिळणाऱ्या राखाडी किटमध्ये सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम आणि अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम एकत्र असतात, ते याचसाठी. नुसत्या डोळ्यांनी दोघांना वेगळं करता येत नाही, हे किट बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलं आहे. मेडिकलवाल्याने अर्धंच किट दिलं, असं म्हणा हवं तर.

फाइलमध्ये तीन रिपोर्ट होते. लघवीत पस सेल्स (पू-पेशी) १२ ते १५. युरिन कल्चर (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) : वाढ नाही. व्हीडीआरएल (गरमीची रक्तचाचणी) आणि एचआयव्ही निगेटिव्ह. “सगळं नॉर्मल आहे ना मग?” असं त्याचं म्हणणं. खरं तर पहिल्या दोन ओळी एकत्र वाचल्या की संशय वाढायला हवा. पू-पेशी आहेत आणि कल्चर कोरं आहे, कारण लघवीच्या नेहमीच्या कल्चरवर ना गोनोरियाचा जंतू नीट वाढत, ना क्लॅमिडियाचा. पहिल्याला खास माध्यम लागतं, दुसरा जिवंत पेशीबाहेर वाढतच नाही. तरुण पुरुषात नव्या संबंधानंतर जळजळ असेल तर ‘युरिन इन्फेक्शन’ हे निदान शेवटी करावं, आधी नव्हे.

रक्ताच्या रिपोर्टबद्दलही तेच. परमा आणि क्लॅमिडिया यांचं निदान रक्तावरून करत नाहीत. काही पॅकेजमध्ये क्लॅमिडियाची रक्तातली अँटिबॉडी तपासतात. ती आत्ताचा संसर्ग आहे की जुना हे सांगत नाही, तेव्हा त्यावर पैसे घालू नयेत. नमुना लागतो तो जिथे आजार आहे तिथला : मूत्रमार्गाचा स्राव, पहिली लघवी, स्त्रियांत योनीचा किंवा गर्भाशयमुखाचा स्वॅब. मुखमैथुन किंवा गुदमैथुन झालं असेल तर घसा आणि गुदद्वाराचाही. तिथले संसर्ग बहुधा मुके असतात, म्हणून विचारावं लागतं. अवघडल्यासारखं होतं, पण विचारावं लागतंच.

डॉक्टरांनी स्रावाची पट्टी ग्रॅम स्टेनला, म्हणजे रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला दिली. परमा असेल तर पू-पेशींच्या आत गुलाबी-लाल जंतू जोडीजोडीने दिसतात, कॉफीच्या दोन बिया सपाट बाजूंनी समोरासमोर ठेवल्यासारखे. पू येत असलेल्या पुरुषात ही साधी, स्वस्त तपासणी खूप भरवशाची आहे. त्याच्या पट्टीत पू-पेशी होत्या, जोड्या नव्हत्या. क्लॅमिडिया ग्रॅम स्टेनमध्ये दिसत नाही, म्हणून लघवीची ‘नाट’, म्हणजे जंतूचे जनुकीय अंश शोधणारी चाचणी सांगितली. ती देताना लोक हमखास चुकतात : मधल्या धारेची लघवी देतात. ती कल्चरसाठी. नाटसाठी अगदी पहिली धार हवी, २० ते ३० मिलिलिटर, आणि त्याआधी किमान तासभर लघवी केलेली नको. डबा गळ्यापर्यंत भरला की नमुना पातळ होतो आणि चाचणी चुकू शकते.

रिपोर्ट आला : गोनोरिया निगेटिव्ह, क्लॅमिडिया पॉझिटिव्ह. औषध डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस. गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. रात्रपाळीवरून येऊन गोळी घेऊन लगेच झोपणाऱ्याला हे दोनदा सांगावं लागतं. दूध, अँटासिड, लोहाची गोळी यांच्याबरोबर नको. आणि थेंब आहे का हे बघायला सारखं दाबून पाहायचं नाही. दाबून दाबून मूत्रमार्ग चिडतो आणि आजार गेल्यावरही स्राव येत राहतो.

गरमीची भीती मात्र वेगळी काढावी लागते. गरमी म्हणजे सिफिलिस, आणि तिची सुरुवात थेंबाने होत नाही, जखमेने होते. संबंधानंतर ९ ते ९० दिवसांत, बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, एकच जखम : कडा टणक, तळ स्वच्छ, आणि न दुखणारी. न दुखणं हाच तिचा धोका. ३ ते ६ आठवड्यांत ती औषधाशिवाय भरून येते आणि माणूस सुटकेचा श्वास सोडतो. पुढे काही आठवड्यांनी अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर न खाजणारे डाग, केसांची चट्ट्याचट्ट्याने गळती. तेही जातं, आणि आजार आत राहतो. दुखणाऱ्या जखमा वेगळ्या. बारीक फोड येऊन फुटणारा नागिणीच्या कुळातला हर्पिस आज जास्त दिसतो, तो विषाणूचा आजार. मऊ, रक्ताळणारी, दुखरी जखम आणि जांघेत गाठ म्हणजे शँक्रॉइड, तो आता विरळा झाला आहे.

त्याला तपासलं तेव्हा पुढची कातडी मागे घेऊन, वृषणाखाली, गुदद्वाराशी, तोंडात कुठेही जखम नव्हती. पण व्हीडीआरएल त्याने संबंधानंतर तिसऱ्या आठवड्यात केली होती. इतक्या लवकर ती निगेटिव्ह येण्याला फारसा अर्थ नाही. जखम असतानाही सुरुवातीला ती निगेटिव्ह येऊ शकते. तीन महिन्यांनी पुन्हा करायची, एचआयव्हीबरोबरच.

मग सगळ्यात अवघड प्रश्न. “मधे गावी जाऊन आलात का?”

बराच वेळ खाली बघून तो म्हणाला, “गणपतीला. दोन दिवस.” तेव्हा गोळ्या चालू होत्या, पू थांबला होता, म्हणून त्याला वाटलं आपण बरे झालो. “पण मॅडम, तिला काहीच त्रास नाही. आणि लागलंच तर व्हिटॅमिनची म्हणून गोळी देऊ का?”

ही युक्ती जवळजवळ प्रत्येक नवऱ्याला सुचते, आणि ती धोक्याची आहे. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक स्त्रियांना लक्षणंच नसतात. थोडं अंगावरून पांढरं जाणं वाढलं तर तेही नेहमीचंच समजलं जातं. तेवढ्यात जंतू गर्भनलिकांपर्यंत पोचला तर ओटीपोटात दुखणं, पुढे वंध्यत्व किंवा नलिकेतलं गर्भारपण. गोळी चोरून दिली तर तिला ॲलर्जी आहे का, दिवस गेले आहेत का, हे कुणी विचारलेलंच नसतं. शिवाय तिच्या शरीराचा निर्णय तिला न सांगता घेण्याचा हक्क नवऱ्याला नाही, हेही त्याला तिथेच स्पष्ट सांगितलं.

घरी काय बोलायचं याची तालीम कक्षात करून घेतली. वाक्य लहान हवं : “माझ्याकडून चूक झाली, मला संसर्ग झाला, तो तुलाही झाला असू शकतो, औषधाने जातो, आपण दोघं तपासून घेऊ.” सबबी नंतर. फोनवर नको, समोर बसून. जमलंच नाही तर तिला घेऊन या, केंद्रात बोलू. माहिती गोपनीय राहते. १०९७ या मोफत हेल्पलाइनवरही विचारता येतं. दोघांचे उपचार पूर्ण होऊन सात दिवस होईपर्यंत संबंध नाही, नाहीतर एक बरा होतो आणि दुसऱ्याकडून परत घेतो.

वृषण सुजून दुखलं, सांधा सुजला, डोळ्यातून पू आला तर पुढच्या तारखेची वाट न बघता यायचं. वृषणात अचानक असह्य कळ आली तर तासाभरातच दवाखाना गाठायचा, कारण वृषण पिळवटलं असेल तर वेळ फार थोडा असतो.

पुढच्या आठवड्यात ती आली, त्याच्याशी एक शब्द न बोलता. आधी तिच्याशी एकटीशी बोलणं झालं. पाळी आठवडाभर पुढे गेलेली. दिवस गेल्याची लघवीची चाचणी पॉझिटिव्ह. म्हणजे डॉक्सिसायक्लिन बाद. डॉक्टरांनी आतून तपासून अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम समोरच घ्यायला दिलं. दोन्ही गरोदरपणात चालतात. तिची नाट पुन्हा चार आठवड्यांनी, त्याआधी नाही, कारण मेलेल्या जंतूंचे अंशही चाचणीत पॉझिटिव्ह दिसतात. गरोदरपणातली सिफिलिसची चाचणी आत्ता एक आणि तीन महिन्यांनी दुसरी, तीन महिने गणपतीपासून मोजायचे. तारखा तिने स्वतःच्या कार्डावर स्वतः लिहून घेतल्या आणि त्याचं कार्डही मागून त्यावरची डिसेंबरची तारीख पाहून घेतली.