वाईट बातमी आधी कोणाला कळते?

कामाच्या ठिकाणचे वातावरण चांगले कसे ठेवावे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. ही सर्व पत्रे व्यवस्थापकांची आहेत. ओळख पटू शकेल असे तपशील वगळले आहेत आणि काही पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : चौदा जणांचा विभाग मी गेली काही वर्षे सांभाळते. "अडचण असेल तर केव्हाही या" असे मी सर्वांना सांगत असते, तरी बैठकीत कोणी तोंड उघडत नाही. अलीकडे एक मोठे काम ग्राहकाकडून परत आले, तेव्हा समजले की त्यातली चूक दोघांना आठवडाभर आधीच दिसली होती. मी रागावणारी नाही. मग लोक बोलत का नाहीत?

उत्तर : विभाग गप्प आहे म्हणजे लोकांना कामाची आस्था नाही, असा निष्कर्ष कृपया काढू नका. चूक दिसलेल्या त्या दोघांनी बहुधा एक साधा हिशेब केला असेल. सांगितले तर 'आधी का नाही बोललात', 'हे कोणी केले' आणि 'आता तुम्हीच निस्तरा' हे सगळे आपल्या वाट्याला येणार. न सांगितले तर कदाचित काही होणारही नाही, आणि झालेच तर ते सर्वांच्या वाट्याला येईल. हा हिशेब बदलणे हे व्यवस्थापकाचे काम आहे आणि चांगली कार्यसंस्कृती घडवण्यासाठी जे जे करावे लागते त्यात ते सर्वांत आधीचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

एमी एडमंडसन या संशोधिकेने 1990च्या दशकात रुग्णालयांमध्ये औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. ज्या विभागांत परस्परसंबंध आणि नेतृत्व चांगले आहे तेथे चुका कमी सापडतील, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात अशाच विभागांत नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. अधिक शोध घेतल्यावर त्यांच्या लक्षात आले की या विभागांत चुका अधिक होत होत्या असे नव्हे, तर तेथील परिचारिका झालेली चूक मोकळेपणाने सांगत होत्या आणि इतरत्र ती झाकली जात होती. म्हणून ज्या व्यवस्थापकाकडे कधीच वाईट बातमी येत नाही, त्याने निश्चिंत होण्याऐवजी सावध व्हावे.

आपण रागावत नाही यावर माझा विश्वास आहे. परंतु हाताखालची माणसे रागापेक्षा कितीतरी बारीक खुणा वाचत असतात. समजा, संध्याकाळी निघण्याच्या वेळी एक सहकारी आपल्या टेबलापाशी येऊन म्हणतो, "मॅडम, काल पाठवलेल्या दरपत्रकात एक आकडा चुकला आहे." आपण आवाज चढवत नाही, पण मान वर न करता विचारता, "कोणी तयार केले होते?" त्या एका प्रश्नाने शेजारच्या टेबलांवर बसलेल्या सर्वांना समजते की येथे पहिला शोध माणसाचा होतो. त्याऐवजी "बरे झाले, आत्ताच सांगितलेत. ग्राहकाने ते पाहिले आहे का? आपल्या हातात किती वेळ आहे?" असे विचारले, तर तीच चूक पाऊण तासात दुरुस्त होते आणि पुढच्या वेळी ती सांगायला येणाऱ्याचे पाऊल अडखळत नाही. चूक कशी झाली याची चौकशी दुसऱ्या दिवशी जरूर करावी, मात्र तीही तपासणीची पायरी कोठे सुटली येथून सुरू करावी. सांगायला आलेल्या माणसाला पुढे काय झाले तेही आवर्जून कळवावे, कारण आपल्या बोलण्याचे काहीच झाले नाही असे दोनतीनदा वाटले की भीती नसतानाही माणसे बोलणे सोडून देतात.

बैठकीत "कोणाला काही बोलायचे आहे का?" असे विचारू नका, त्या प्रश्नाला मौन हेच सोपे उत्तर असते. "ही योजना कोठे अडकू शकते, अशी एकेक जागा प्रत्येकाने सांगा" असे विचारा, सर्वांत कनिष्ठ सहकाऱ्यापासून सुरुवात करा आणि स्वतःचे मत शेवटी मांडा. वरिष्ठाचे मत आधी आले की बाकीचे बहुतेक वेळा फक्त माना डोलावतात.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो : मग बेपर्वाईला शिक्षाच नाही का? विमानवाहतुकीच्या क्षेत्राने या प्रश्नाचे चांगले उत्तर शोधले आहे. अमेरिकेत 1976 पासून चाललेल्या एका व्यवस्थेत वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक आपल्या हातून घडलेली चूक गोपनीयतेने कळवू शकतात. चूक अजाणता झाली असेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर नियमभंगाचा दंड सहसा माफ होतो. जाणूनबुजून केलेले कृत्य, गुन्हा किंवा प्रत्यक्ष अपघात यांना ही सवलत नाही. विशेष म्हणजे, शिक्षा करण्याचा अधिकार असलेल्या नियामक यंत्रणेकडे ही कबुली द्यायला लोक कचरतील हे ओळखून ते काम नासाकडे सोपवण्यात आले. आपल्या विभागासाठी एवढी मोठी यंत्रणा लागणार नाही, पण अजाणता झालेली चूक आणि जाणूनबुजून मोडलेला नियम यांच्यातली रेषा आधीच सर्वांसमोर आखून द्यावी लागेल, आणि विश्वासाने सांगितलेली गोष्ट वार्षिक मूल्यमापनात त्याच माणसाविरुद्ध वापरली जाणार नाही, हा शब्द पाळावा लागेल.

प्रश्न : आमच्या विक्री विभागातील एक जण दर तिमाहीला टार्गेटपेक्षा जास्त काम करून दाखवतो. मात्र तो नवख्यांना सर्वांसमोर टाकून बोलतो आणि दुसऱ्यांच्या कल्पना स्वतःच्या नावावर खपवतो. त्याला दुखावले तर तो सोडून जाईल, असे माझे वरिष्ठ म्हणतात. काय करावे?

उत्तर : तो सोडून जाईल ही भीती सर्वांना दिसते, कारण त्याचे आकडे कागदावर आहेत. त्याच्यामुळे बदली मागितलेली माणसे, त्याला विचारायला नको म्हणून दोन दिवस अडून राहिलेले काम आणि बैठकीत न मांडलेल्या कल्पना यांची नोंद मात्र कोणत्याच तक्त्यात नसते. म्हणून पहिले काम असे करा, की गेल्या वर्षभरात त्याच्यासोबत काम केलेल्यांपैकी कोण गेले, कोणी गट बदलून मागितला, कोणाचे काम मंदावले हे शांतपणे लिहून काढा आणि ते वरिष्ठांपुढे ठेवा. 'त्याचा स्वभाव वाईट आहे' या तक्रारीपेक्षा हा कागद नक्कीच अधिक वजनदार ठरेल.

संघटनांच्या संस्कृतीचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये एडगर शाइन यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. नेते कशाकडे नियमितपणे लक्ष देतात, पेचप्रसंगी कसे वागतात, कोणाला बक्षीस आणि बढती देतात यांतून संस्कृती रुजते, अशी त्यांची मांडणी आहे. आपल्या कार्यालयाच्या भिंतीवर परस्परांच्या आदराविषयी काहीही लिहिलेले असो, या गृहस्थांना पुढच्या वर्षी बढती मिळाली की आदराची येथे किती किंमत आहे, ते सर्वांना कळून चुकेल.

त्यांच्याशी बंद दाराआड बोला आणि एकाच, ताज्या प्रसंगावर बोला. "तुम्ही उद्धट आहात" असे म्हटले तर वाद होईल. "सोमवारच्या बैठकीत नव्या सहकाऱ्याने प्रश्न विचारला तेव्हा 'एवढेही समजत नाही का' असे तुम्ही म्हणालात. त्यानंतर ती संपूर्ण बैठकीत एक शब्दही बोलली नाही. हे पुन्हा होता कामा नये," असे म्हटले तर नाकारायला जागा उरत नाही. ते त्यांचे म्हणणे मांडतील, ते पूर्ण ऐकून घ्या. अनेकदा अशा माणसांना आजवर कोणी हे तोंडावर सांगितलेलेच नसते. त्यानंतर सहकाऱ्यांशी वागणूक हा त्यांच्या मूल्यमापनाचा लेखी भाग करा आणि ठरावीक मुदतीने पुन्हा बसा. बदल झाला तर तोही तितक्याच स्पष्टपणे बोलून दाखवा. बदल झाला नाही, तर त्यांच्या जाण्याची तयारी ठेवा. म्हणजे त्यांच्याकडील ग्राहकांची माहिती आणि संपर्क आतापासूनच आणखी दोघांच्या हाती राहतील अशी व्यवस्था करा. ज्याच्या जाण्याने विभाग बंद पडेल अशा माणसाला शिस्त लावता येत नाही, आणि ती स्थिती त्याने नव्हे, आपल्या व्यवस्थेने निर्माण केलेली असते.

प्रश्न : वाढदिवस, सहली, खेळांचे कार्यक्रम यांसाठी आमच्याकडे स्वतंत्र तरतूद आहे, तरी लोकांचा उत्साह दिसत नाही. तरतूद वाढवावी का?

उत्तर : वाढवू नका. ज्या गटात एरवी सलोखा आहे तेथे सहल आनंदाची होते, आणि जेथे तो नाही तेथे ती सुटीच्या दिवशीची हजेरी ठरते. ते कार्यक्रम कामाच्या वेळेत आणि ऐच्छिक ठेवा. न येणाऱ्याकडे कारण मागू नका. उरलेला पैसा लोक रोज ज्यावर कुरकुरतात त्यावर, म्हणजे सतत बंद पडणाऱ्या यंत्रावर किंवा अपुऱ्या मनुष्यबळावर खर्च करा. ते कोणते, हे त्यांनाच विचारा.

प्रश्न : यंदा आमच्या संस्थेत पगारवाढ देता येणार नाही. ईमेल पाठवून विषय संपवावा, कारण बोलत बसले तर नाराजी वाढेल, असे व्यवस्थापनाचे मत आहे. मला ते पटत नाही, पण माझ्याकडे मुद्दा नाही.

उत्तर : मुद्दा आपल्याकडे आहे आणि तो बळकट आहे. जेराल्ड ग्रीनबर्ग या संशोधकाने 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच कंपनीचे तीन कारखाने होते. त्यांपैकी दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी पगार 15 टक्क्यांनी कमी करण्यात आला. एका कारखान्यात सुमारे दीड तासाची सभा घेऊन हे का करावे लागत आहे ते आकड्यांसह सांगण्यात आले, खेद व्यक्त करण्यात आला आणि प्रश्नांना उत्तरे देण्यात आली. दुसऱ्या कारखान्यात पंधरा मिनिटांत निर्णय सांगून सभा आटोपली. पगारकपातीच्या काळात दोन्हीकडे मालाची चोरी वाढली. परंतु जेथे नीट समजावून सांगितले होते तेथील वाढ दुसऱ्या कारखान्याच्या तुलनेत बरीच कमी होती. पूर्वीचा पगार सुरू झाल्यावर चोरीही पूर्वीच्या पातळीवर आली.

या अभ्यासाचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. समजावून सांगितले म्हणून पैशाची उणीव भरून निघाली नाही. चांगले वातावरण हा योग्य मोबदल्याला पर्याय नाही, आणि तसे भासवणाऱ्या व्यवस्थापनावर लोक लवकरच विश्वास ठेवेनासे होतात. मात्र निर्णय कसा झाला, त्याचा भार सर्वांवर सारखा आहे का आणि सांगणारा आपल्यासमोर उभा राहिला का, यावरून लोक आपली किंमत ठरवतात. म्हणून प्रत्यक्ष सभा घ्या, प्रमुखांनी स्वतः बोलावे असा आग्रह धरा, वरिष्ठांची वाढही थांबली आहे की नाही ते न विचारताच सांगा आणि फेरविचाराची तारीख द्या. तारीख देता येत नसेल तर तेही स्पष्ट सांगा. खोटी आशा मात्र दाखवू नका. ईमेल सभेनंतर पाठवा, सभेऐवजी नको.

प्रश्न : माझ्या वरचे अधिकारी ओरडूनच काम करून घेतात. माझ्या नऊ जणांच्या गटात मी चांगले वातावरण ठेवू पाहतो, पण वरूनच असे असेल तर त्याला अर्थ आहे का?

उत्तर : अर्थ निश्चितच आहे. एडमंडसन यांनी 1999 मध्ये एका उत्पादन कंपनीतील 51 गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कंपनी एकच, तरी सहकाऱ्यांसमोर मोकळेपणाने बोलता येते की नाही याबाबत गटागटांत स्पष्ट फरक होता, आणि जेथे बोलता येत होते ते गट चुकांतून अधिक शिकत होते. माणूस रोजचे आठ तास ज्या माणसांत काढतो ते वातावरण त्याच्या लेखी संस्थेपेक्षा खरे असते.

वरून आलेला राग खाली पोचवू नका, पण त्यातली माहिती मात्र पोचवा. "साहेब भडकले आहेत" यातून गटाला करण्यासारखे काही मिळत नाही. "शुक्रवारचा अहवाल बुधवारी हवा आहे, म्हणून इतर दोन कामे मी पुढच्या आठवड्यात ढकलून घेतली आहेत" यातून मिळते. वरिष्ठांची निंदा करून गटाची सहानुभूती मिळवण्याचा मोहही टाळा, कारण आपल्यामागे आपल्याविषयीही असेच बोलले जात असेल, ही शंका त्यातून गटाच्या मनात येते. श्रेय वर कळवताना ज्याचे काम त्याचे नाव घ्या, आणि चुकीचा जाब द्यायची वेळ आली की गटाच्या वतीने स्वतः उत्तर द्या.

या ढालीलाही मर्यादा आहे, आणि ती न ओळखणारे अनेक चांगले मध्यम व्यवस्थापक थकून जातात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत अशा थकव्याची, म्हणजे बर्नआउटची, नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घकालीन कार्यताणाचा परिणाम अशी नोंद केली आहे. म्हणजे तो आपला कमकुवतपणा नाही. वरिष्ठ शांत असतील असा दिवस निवडून त्यांच्याशी एकदा बोला, आणि बोलणे कामापुरते ठेवा : ओरडण्यामुळे कोणती माहिती त्यांच्यापर्यंत उशिरा पोचली, याचे एखादे उदाहरण द्या. स्वतःच्या सहकाऱ्यांचा अपमान होतो याचे ज्यांना काही वाटत नाही, त्यांनाही आपल्यापासून माहिती लपवली जाते हे सहसा खुपते. शिवीगाळ, धमकी किंवा छळ होत असेल तर मात्र हा वातावरण सुधारण्याचा विषय राहत नाही; तारीख, वेळ आणि शब्द यांची नोंद ठेवून संस्थेतील तक्रार यंत्रणेकडे लेखी जा, आणि गटातील कोणाला जायचे असेल तर त्याच्यासोबत उभे राहा.