बेस गिटार वाजवणाऱ्याने जुनी साधी गिटार घेताना

अरे, आधी हरखून जाऊ नको. साध्या गिटारीच्या जाड चार तारा बेसच्याच सुरांच्या, ई-ए-डी-जी, फक्त एक सप्तक वर. त्यामुळे हात लगेच चालतो आणि माणूस फसतो. बेसवर तार ३४ इंच, इथे साधारण २५. पडदे, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, जवळ येतात, तारा दाटीवाटीने. तुझी बोटं जाड, तेव्हा नटपाशी, म्हणजे गळ्याच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात तिथे, ४३ मिमीपेक्षा अरुंद गळा नकोच.

गोव्यात खरा वैरी पावसाळा. लाकूड ओल पितं, ब्रिजमागे, म्हणजे खोक्यावर तारा अडकवतात त्या लाकडी पट्टीमागे, पोट सुटतं. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघ. आत शिरला तर नमस्कार करून निघ. मग जाड तार पहिल्या पडद्यावर आणि गळा खोक्याला मिळतो तिथे, अशी दोन्हीकडे दाब. सातव्या पडद्याशी कागदाएवढी फट राहायला हवी. थोडी जास्त असेल तर ट्रस रॉडने, म्हणजे गळ्यातली सळई पिळून, भागतं. पण बाराव्यावर तार ४ मिमी उंच आणि सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, आधीच घासून संपलेली असेल, तर गळाच उतरवून बसवावा लागतो. तो खर्च स्वस्तातल्या गिटारीपेक्षा भारी.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेलो असताना मी एकाकडून अशीच घेतली, भोकातून आत हात न घालता. ऑगस्टात आतली आधाराची पट्टी सुटली. ई छेडली की भुंगा! तू आतल्या पट्ट्या चाचपून बघ, वरून बोटाने टकटक कर.

तारा गंजलेल्या असतील तर मात्र भाव पाड. त्या तशाही बदलायच्याच.