हायपेरियन म्हणजे सूर्य की सूर्याचा बाप?

प्रश्न: शेक्सपिअरच्या नाटकात हॅम्लेट त्याच्या वारलेल्या वडलांना हायपेरियनची उपमा देतो. तळटीपेत 'सूर्यदेव' लिहिलंय. पण ग्रीकांचा सूर्यदेव तर हेलिओस ना? आणि दुसरीकडे वाचलं की हायपेरियन हा हेलिओसचा बाप. मग खरं काय?

उत्तर: दोन्ही खरं आहे, गोंधळ तुमचा नाही, ग्रीकांचाच आहे. हायपरटेन्शनमधला जो 'हायपर', म्हणजे वर, तोच या नावात बसलाय, आणि डोक्यावरून, उंचावरून जाणारा असा त्याचा अर्थ सांगतात. म्हणजे मुळात हे विशेषण, आपलं भास्कर, दिनकर असतं ना तसंच. ग्रीक महाकवी होमरच्या ओडिसी या महाकाव्यात बहुतेक वेळा हेलिओसलाच हायपेरियन म्हटलंय, पण त्याच काव्यात एका ठिकाणी 'हायपेरियनचा मुलगा' असंही येतं! हेसिओड या दुसऱ्या जुन्या ग्रीक कवीने मात्र सरळ वंशावळच दिली, हायपेरियन हा टायटन, म्हणजे जुन्या पिढीतला देव, बायको थिया, आणि मुलं तीन, हेलिओस म्हणजे सूर्य, सेलेने म्हणजे चंद्र आणि इओस म्हणजे पहाट. (जाता जाता, हेलिओस आणि आपला सूर्य हे शब्द एकाच जुन्या मुळातून आलेत, मला हे फार सुंदर वाटतं.)

हॅम्लेटपुरतं सूर्यदेव हेच धरा. तिथे बाप हायपेरियन आणि काका सॅटर, म्हणजे अर्धा बोकड असलेला वासनांध वनचर, एवढ्या एका तुलनेत त्या पोराचा सगळा संताप येतो, वंशावळीची तिथे गरजच नाही.

पण इंग्रज कवी कीट्सला गरज होती. त्याने 1818 मध्ये 'हायपेरियन' ही कविता लिहायला घेतली तेव्हा तो क्षयाने आजारी असलेल्या धाकट्या भावाची सेवा करत होता, आणि तो भाऊ त्याच डिसेंबरमध्ये गेला. कवितेत बाकीचे टायटन नव्या देवांपुढे हरलेत, फक्त हायपेरियन अजून आपल्या महालात आहे, तेजस्वी पण घाबरलेला, कारण त्याची जागा घ्यायला नव्या पिढीतला अपोलो येणार. म्हणून हेलिओस चालला नसता, इथे जुनाच सूर्य हवा होता, जाणारा. नावाचा अर्थ उंचावरून जाणारा आणि गोष्ट त्याच्या उतरण्याची, हे वाचताना मला दरवेळी गलबलून येतं. कीट्सने ती पूर्ण केली नाही, 1820 मध्ये तशीच छापली गेली, अपोलो देव होता होता वाक्य मध्येच तुटतं.