कोटेशन पाठवायच्या आधी हे वाच

तुझी एक्सेल शीट बघितली. पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरचं काम मिळतंय हे मस्तच, आणि स्क्रीननुसार दिवस लावलेस तेही ठीक, सभासद नोंदणी 3 दिवस, ठेवी 5, कर्ज 8, असं करत सगळी बेरीज 46 आणि वर 10 टक्के बफर, म्हणजे राखीव दिवस. कोड लिहायला तुला साधारण एवढेच लागतील, त्याबद्दल माझा वाद नाही. पण शीटमध्ये फक्त कोडच आहे. बाकीच्या कामाला एक ओळ नाही, आणि अशी प्रोजेक्ट्स रखडतात ती नेमकी त्या बाकीच्यातच.

पहिला जुना डेटा. तो कशात आहे हे विचारलंस का त्यांना? फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्राममध्ये निघाला तर दचकू नकोस. आणि मराठी नावं श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर ती युनिकोड (कुठल्याही फॉन्टमध्ये सारखीच वाचता येणारी अक्षरं साठवायची पद्धत) नसतातच, फॉन्ट बदलला की स्क्रीनवर नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा. कन्व्हर्टर मिळतात, पण जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात, रफाराची जागा पण वेगळी, त्यामुळे जोडाक्षरं आली की कुठेतरी घोळ होतोच आणि मग कोणालातरी बसून नावं नजरेखालून घालावी लागतात. ते कोण करणार, तू की त्यांचा क्लार्क? हे कोटमध्ये लिहिलं नाही तर तूच करणार हे धरून चाल. वर एकच सभासद तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेला असतो, आणि ठेवींची बेरीज ताळेबंदाशी पैशापर्यंत जुळल्याशिवाय मॅनेजर सही करत नाही (आणि त्याने करूही नये).

मग छपाई. पासबुक प्रिंटरवर ओळ बरोबर जागेवर पडायला हवी. पिग्मी एजंटच्या हातातल्या छोट्या थर्मल प्रिंटरला बऱ्याचदा देवनागरी येतच नाही, पावतीची इमेज करून पाठवावी लागते. पीडीएफ बनवणाऱ्या काही लायब्ररी जोडाक्षरं फोडून ठेवतात, ‘श्री’चं काहीतरी भलतंच होतं. यातलं काहीच अवघड नाही, पण प्रत्येक गोष्ट दोन-तीन दिवस खाते आणि तुझ्या शीटमध्ये त्या सगळ्याला ‘रिपोर्ट्स – 4 दिवस’ असं लिहिलंय!

एसएमएसचं पण तसंच. कोड अर्ध्या दिवसाचा. पण ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या नियमाप्रमाणे संस्थेची डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या एसएमएस-नोंदणी पोर्टलवर नोंदणी हवी, मग हेडर (मेसेज पाठवणाऱ्याचं नाव) मंजूर, मग प्रत्येक मेसेजचा टेम्प्लेट मंजूर, आणि हे सगळं संस्थेच्या नावाने, संस्थेच्या कागदपत्रांवर. म्हणजे चेअरमनची सही मिळेपर्यंत तू नुसतं थांबायचं. असं थांबणं मेहनतीत धरायचं नाही, पण तारखेत धरायचं. म्हणून मेहनतीचे दिवस आणि कॅलेंडरचे दिवस असे दोन कॉलम कर, आत्ता तुझ्याकडे एकच आहे. आणि मार्चअखेरच्या आसपास त्यांच्या स्टाफकडून टेस्टिंगची अपेक्षा ठेवू नकोस, तेव्हा तिथे कोणी तुझ्याकडे बघणारसुद्धा नाही.

आता आकडा कसा काढायचा. ज्या कामाची खात्री नाही तिथे एक आकडा लिहूच नको, तीन लिही: सगळं सुरळीत गेलं तर, बहुतेक जे होईल ते, आणि वाट लागली तर. डेटासाठी समज 5, 12 आणि 40. पर्ट या प्रोजेक्ट नियोजनाच्या पद्धतीतल्या सूत्राने मधल्याला चारने गुणायचं, तिन्हींची बेरीज करून सहाने भागायचं, येतात 15.5 दिवस. म्हणजे ‘बहुतेक 12’ म्हणणारा माणूस तिथेच साडेतीन दिवस कमी धरून बसलेला असतो. आणि वाईटातला आकडा खरंच वाईट धर. 1994 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल असं विचारलं होतं, सरासरी अंदाज आला 34 दिवस, सगळं बिघडलं तर म्हणून सांगितलं जवळपास 49, आणि प्रत्यक्षात लागले 55 च्या वर. हुशार मुलं होती हो ती.

अंदाज काढायच्या सूत्रांचं विचारलं होतंस. बॅरी बोएमचं कोकोमो हे सॉफ्टवेअरची मेहनत मोजायचं सूत्र 1981 चं, 63 प्रोजेक्ट्सच्या माहितीवर बेतलेलं. त्यात कोडच्या ओळी आधी माहीत लागतात, ज्या तुला माहीत नाहीत, म्हणून तुझ्या कामाला त्याचा फारसा उपयोग नाही. एवढंच घे त्यातून की कोड दुप्पट झाला की मेहनत दुपटीपेक्षा जास्त होते. त्यापेक्षा तुझी आधीची दोन कामं काढ, तेव्हा किती सांगितले होते आणि किती लागले ते शेजारी लिही. त्यातून निघणारं गुणोत्तर कुठल्याही पुस्तकातल्या सूत्रापेक्षा तुझ्या जास्त कामाचं.

आणि उशीर झाला तर दोन पोरं वाढवू, हा विचार काढून टाक. आयबीएमच्या ओएस/360 या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्सने 1975 मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली की अजून उशीर होतो. चार जणांत बोलण्याच्या 6 जोड्या होतात, आठ जणांत 28, आणि नवीन आलेल्याला कर्जाचं व्याज कसं मोजतात हे समजावणार कोण, तूच.

पैशाचं थोडक्यात. पगार भागिले बावीस हा तुझा दिवसाचा खर्च नाही, त्यात सुट्ट्या, पीएफ, लॅपटॉप, हाताला काम नसतानाचे आठवडे हे सगळं येतं. 18 टक्के जीएसटी वेगळा असं स्पष्ट लिही. बिल काढलंस की क्लायंटने पैसे दिलेले नसले तरी जीएसटी वेळेवर भरावा लागतो, वर क्लायंट टीडीएस कापूनच पैसे देणार, म्हणून बिलं टप्प्याटप्प्याने काढ आणि पहिला टप्पा लवकर ठेव. सुरू झाल्यावरचा सपोर्ट किती महिने फुकट तेही लिही, नाहीतर तो कधीच संपत नाही.

ते म्हणतील कमी करा. करतीलच घासाघीस, त्यांचं कामच आहे ते, सभासदांचा पैसा आहे. पण आकडा तसाच खाली आणू नको, काम काढ. ‘पिग्मीचं ॲप दुसऱ्या टप्प्यात घेऊ’ असं म्हण, मग रक्कम उतरव. तेच काम तसंच ठेवून तीस हजार कमी केलेस की आधी तू फुगवून सांगत होतास असंच त्यांना वाटणार, आणि पुढच्या वेळी पन्नास मागतील.

मी तुझ्या जागी असतो तर आत्ता पूर्ण कोट दिलाच नसता. आठ दिवसांचं छोटं काम पैसे घेऊन कर: डेटाचा बॅकअप, ते सध्या छापतात त्या प्रत्येक रिपोर्टचा एकेक कागद, आणि काउंटरवर दिवसभर बसून बघणं. नाहीच म्हणाले तर कोट रेंजमध्ये दे आणि डेटाचं काम वेगळ्या दराने ठेव. बॅकअप हातात आला की त्यातली शंभर नावं कन्व्हर्ट करून बघ किती बिघडतात, आणि मग सुधारलेली शीट मला पाठव, रविवारी बसून बघू.