गाण्याचा वेग आणि कायद्याचा वेग

प्रश्न : लोकप्रिय संगीतावरून सांस्कृतिक आणि राजकीय बदलांचा वेग खरोखर ओळखता येतो का, की गाणी केवळ बाजाराच्या मागणीप्रमाणे बदलतात?

उत्तर : ओळखता येतो, मात्र गाणे आणि कायदा एकाच गतीने चालत नाहीत, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. अमेरिकेत ४ मे १९७० रोजी ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांवेळी नॅशनल गार्ड या राखीव लष्करी दलाच्या गोळीबारात चार विद्यार्थी मारले गेले आणि गायक नील यंग यांनी त्यावर लिहिलेले ‘ओहायो’ हे गाणे त्याच महिन्यात ध्वनिमुद्रित होऊन जूनमध्ये प्रसिद्धही झाले. याउलट, कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींविषयीचे ‘स्ट्रेंज फ्रूट’ गायिका बिली हॉलिडे यांनी १९३९ मध्ये गायले, तरी अशा हत्यांना संघराज्य पातळीवर द्वेषमूलक गुन्हा ठरवणारा कायदा होण्यास २०२२ साल उजाडले.

बाजाराचा मुद्दा रास्त आहे, पण मला तो पुराव्याचाच भाग वाटतो. हॉलिडे यांच्या नेहमीच्या कोलंबिया या ध्वनिमुद्रण कंपनीने ‘स्ट्रेंज फ्रूट’ काढण्यास नकार दिला आणि कमोडोर या छोट्या कंपनीने ते काढले. मोठा व्यवसाय कशाला बिचकतो, यावरून त्या काळी काय उघड बोलता येत नव्हते ते नेमके कळते. म्हणून कोणते गाणे गाजले एवढेच न पाहता, ते कोणी नाकारले आणि किती वर्षांनी ते निर्धास्तपणे वाजू लागले, हेही अवश्य तपासावे.