दूरदर्शनच्या जमान्यावरच्या ऑनलाइन क्विझ लीगमध्ये उत्तरं येत असूनही मी सामने का हरतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्रांची लीग लर्नेडलीग या अमेरिकन ऑनलाइन क्विझ लीगच्या धर्तीवर चालते. रोज सहा प्रश्न, समोर एक प्रतिस्पर्धी, पर्याय दिलेले नाहीत. विषय 1980 ते 2000 या काळातलं दूरदर्शन, सिनेमा आणि जाहिराती. तुमची रोज सरासरी चार उत्तरं बरोबर येतात, तरी गुणतक्त्यात तुम्ही खालच्या अर्ध्यात आहात.

सहापैकी चार हा आकडा वाईट नाही. तुम्ही बहुधा मार खाताय तो बचावात, म्हणजे समोरच्याच्या प्रश्नांना गुण वाटण्यात. म्हणून आधी त्याबद्दल लिहितो, पाठांतराचं नंतर.

या पद्धतीत दोघांनाही तेच सहा प्रश्न असतात आणि प्रत्येक खेळाडू प्रतिस्पर्ध्यासाठी त्यांना 0, 1, 1, 2, 2, 3 असे गुण वाटतो. बेरीज 9. समोरच्याचं उत्तर बरोबर आलं की त्या प्रश्नाला तुम्ही ठेवलेले गुण त्याला मिळतात. याचा परिणाम बघा: दोन बरोबर उत्तरांना कमीत कमी 1 आणि जास्तीत जास्त 5 गुण, तिनांना 2 ते 7, चारांना 4 ते 8, पाचांना 6 ते 9. म्हणजे पाच उत्तरं बरोबर देऊन सहा गुणांवर अडकलेला माणूस तीन बरोबर देऊन सात गुण घेणाऱ्याकडून हरू शकतो, आणि यात नशिबाचा भाग वाटतो तितका नसतो.

स्वतःचा बचाव तपासायला सोपा हिशेब आहे. सहा प्रश्नांना नऊ गुण, म्हणजे डोळे मिटून वाटले तरी दर बरोबर उत्तरामागे सरासरी दीड गुण जातो. मागचे 15-20 सामने काढा. प्रतिस्पर्ध्यांची एकूण बरोबर उत्तरं आणि त्यांना मिळालेले एकूण गुण मांडा, गुणांना उत्तरांच्या संख्येनं भागा. भागाकार 1.5 च्या वर आला तर चिठ्ठ्या टाकून वाटप केलं असतं तरी बरं झालं असतं. 1.3 च्या आसपास असेल तर बचाव चांगला आहे आणि दुखणं दुसरीकडे आहे. हाच हिशेब उलटा, म्हणजे तुमच्या उत्तरांवर तुम्हाला किती मिळाले यासाठीही करा. तिथे आकडा फार खाली असेल तर लोकांनी तुमची आवड ओळखली आहे: सिनेमाचं तुम्हाला सगळं येतं हे त्यांना कळलंय, म्हणून सिनेमाला ते शून्य ठेवतात.

बचावात सर्रास होणारी चूक म्हणजे आपल्याला जो प्रश्न अवघड गेला त्यालाच 3 ठेवणं. तुम्ही अडलात म्हणून तोही अडेल असं थोडंच आहे? जुन्या आठवणींच्या विषयात तर माणूस कधी जन्मला आणि कुठे वाढला यावर सगळं ठरतं. 1974 च्या आसपास जन्मलेल्याला 'हम लोग' आणि 'बुनियाद' घरच्यासारखे. 1988 च्या आसपास जन्मलेल्याचं बालपण 'शक्तिमान', 'चंद्रकांता' आणि केबलवर गेलं. इंदूर-बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसानं 'गजरा' किंवा 'चिमणराव' फारसं पाहिलेलं नसतं, कारण ते मुंबई केंद्राचे कार्यक्रम. पण रविवारचं 'महाभारत' त्यानं तुमच्याइतकंच पाहिलंय. तेव्हा प्रत्येक प्रतिस्पर्ध्यासाठी एका ओळीची नोंद ठेवा: अंदाजे जन्मदशक, गाव, मागच्या सामन्यांत कुठल्या प्रकारात चुकला. सहा प्रश्न आले की प्रत्येकासमोर 'याला येण्याची शक्यता' टक्क्यांत लिहा, मगच गुण लावा. सर्वांत कमी टक्क्याला 3, सर्वांत जास्तीला 0. क्रम मनात लावू नका, कागदावर लावा. मनात लावताना माणूस नकळत परत स्वतःचाच विचार करतो.

एक अपवाद लक्षात असू द्या. 'रामायण' मूळचं जानेवारी 1987 ते जुलै 1988 चं, म्हणून तरुण खेळाडूविरुद्ध त्यावर 3 ठेवायचा मोह होतो. पण मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत ते पुन्हा दाखवलं गेलं आणि नव्या पिढीनंही पाहिलं. 'महाभारता'चंही तसंच. या दोन मालिका आता कुठल्याच वयोगटाविरुद्ध भरवशाचा बचाव नाहीत.

आता उत्तरांकडे. या विषयात आपल्याला खूप येतं असं वाटतं, ते बहुतांशी ओळखणं असतं. चाल ऐकली की मालिका ओळखतो, चेहरा पाहिला की जाहिरात ओळखतो. लीगमध्ये मात्र कोरी चौकट असते आणि नाव लिहायचं असतं. ओठांवर येऊन अडलेल्या नावाला गुण नाहीत. म्हणून जुने भाग यूट्यूबवर पुन्हा पाहण्यात संध्याकाळी घालवू नका. मजा येते, गुण वाढत नाहीत.

करायचं ते असं. प्रत्येक मालिकेसाठी तक्त्यात सात रकाने: निर्माता-दिग्दर्शक, लेखक, मूळ पुस्तक, मुख्य पात्र आणि नट, शीर्षकगीताचा गीतकार-संगीतकार-गायक, सुरू झाल्याचं वर्ष, आणि सातवा 'विचित्र गोष्ट'. प्रश्नकर्ते सर्वांत जास्त या सातव्या रकान्यातून उचलतात. 'मालगुडी डेज'मधली चित्रं आर. के. लक्ष्मण यांची, कथा त्यांच्या भावाच्या, दिग्दर्शन शंकर नाग यांचं. 'द जंगल बुक'चं हिंदी शीर्षकगीत गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचं, शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा, आणि मालिका मुळात जपानी. 'महाभारता'तला 'समय' हा आवाज हरीश भिमाणी यांचा, संवाद राही मासूम रझा यांचे. 'एक चिड़िया, अनेक चिड़ियाँ' 1974 ची, विजया मुळे यांची. त्यातला लहान मुलीचा आवाज पुढे साधना सरगम म्हणून गाजला.

तक्त्यावरून अँकीसारख्या (प्रश्नोत्तरांची कार्डं ठरावीक अंतरानं पुन्हा विचारणाऱ्या) ॲपमध्ये कार्डं करा आणि प्रत्येक गोष्टीची दोन्ही दिशांनी करा: भूमिका दाखवून नट, नट दाखवून भूमिका. एकाच दिशेनं पाठ केलेलं उलट्या प्रश्नात हमखास दगा देतं. उत्तर मनात म्हणू नका, टाइप करा. रोज दहा नवी कार्डं पुरे. काही आठवड्यांत त्यांच्याच उजळण्या रोज 70 ते 100 होतात आणि त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. वीस नवी घेतलीत तर महिन्याभरात कंटाळून सोडून द्याल.

कुठून सुरुवात करायची? दशकांच्या क्रमानं जाऊ नका, चौकात उभ्या असलेल्या माणसांपासून सुरू करा. ज्या एका नावातून चार रस्ते फुटतात अशी नावं. दिलीप प्रभावळकर घ्या: चिमणराव तेच, 'झपाटलेला'मधला तात्या विंचू तेच, 2006 च्या 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीही तेच. त्याच तात्या विंचूच्या बाहुल्यातून रामदास पाध्ये, तिथून अर्धवटराव आणि लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा. अशोक पत्कींकडून 'गोट्या', 'आभाळमाया', 'वादळवाट'. सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजी म्हणजे कविता चौधरी, आणि 'उड़ान' लिहिणाऱ्या, दिग्दर्शित करणाऱ्या, त्यात कल्याणी सिंहचं काम करणाऱ्याही त्याच. धारा तेलाच्या जाहिरातीतला जिलेबीवाला मुलगा परझान दस्तूर. 'कुछ कुछ होता है'मधला जवळजवळ न बोलणारा छोटा सरदारही तोच. जाहिरात आणि पडदा जोडणारा प्रश्न प्रश्नकर्त्याला फार आवडतो, कारण त्यात उत्तराकडे जायच्या दोन वाटा मिळतात.

आता येत असूनही चुकतात ती ठिकाणं. पहिलं म्हणजे आडनावं. बहुतेक लीगमध्ये नुसतं आडनाव चालतं, पण या काळात जोशीच किती! 'हम लोग'चे लेखक मनोहर श्याम जोशी, 'ये जो है ज़िंदगी'चे शरद जोशी, चिमणरावाचे जन्मदाते चिं. वि. जोशी. जिथे एकाच आडनावाचे दोन उमेदवार असतील तिथे पूर्ण नाव लिहा. पहिल्या नावाची खात्री नसेल तर ते ठोकून देऊ नका. बरोबर आडनावाला चुकीचं नाव जोडलं की बऱ्याच ठिकाणी उत्तर बाद होतं. तुमच्या लीगचा नियम आधीच विचारून ठेवा.

दुसरं, मराठी विनोदी चित्रपटांची भेसळ. लक्ष्मीकांत बेर्डे आणि अशोक सराफ जिकडेतिकडे असल्यानं दिग्दर्शकाची गल्लत होते. 'धुमधडाका' (1985), 'थरथराट' (1989), 'धडाकेबाज' (1990), 'झपाटलेला' (1993) महेश कोठारे यांचे. 'अशी ही बनवाबनवी' (1988) सचिन पिळगांवकर यांचा. आणखी मेख अशी की 'बनवाबनवी'चं मूळ 'बीवी और मकान' आणि 'धुमधडाका'चं मूळ 'प्यार किये जा' हे दोन्ही हिंदी चित्रपट 1966 चेच. 'या 1966 च्या हिंदी चित्रपटावर बेतलेला' एवढंच वाचून उत्तर ठोकाल तर निम्म्या वेळा पडाल. पुढचं वाक्य वाचा, त्यात घरमालक आहे की खोटा श्रीमंत बाप, ते बघा.

तिसरं, 'कोणी केलं'मधला नेमका शब्द. 'मिले सुर मेरा तुम्हारा'चे शब्द पीयूष पांडे यांचे, तर संगीताच्या बाजूला अशोक पत्की आणि लुई बँक्स ही दोन्ही नावं येतात. प्रश्न गीतकार विचारतोय, चाल विचारतोय की वाद्यसंयोजन, हे दोनदा वाचल्याशिवाय लिहू नका.

चौथं, व्हॉट्सॲपवरचं ज्ञान. पार्ले-जीच्या पुड्यावरची मुलगी म्हणजे अमुक बाई, असं फोटोसकट फिरत असतं. कंपनीनं स्पष्ट केलंय की ते चित्र आहे, एव्हरेस्ट क्रिएटिव्हचे मगनलाल दहिया यांनी साठच्या दशकात काढलेलं. असं कुठलंही गोड वाटणारं तथ्य कार्डावर चढवण्यापूर्वी श्रेयनामावली किंवा संबंधिताची मुलाखत शोधा. श्रेयनामावली हा सर्वांत भरवशाचा आधार, आणि लोक नेमकी तीच पुढे ढकलतात.

तुमच्या लीगमध्ये लर्नेडलीगसारखे एकदिवसीय विशेष सामनेही असतील तर तिथलं गणित निराळं. 12 प्रश्न, त्यातले 5 तुम्ही 'मनी' म्हणून निवडता, आणि ते बरोबर आले की जितके टक्के लोक त्यावर चुकले तितके जादा गुण. इथे अवघडातला अवघड निवडायची घाई नको. खात्री 95 टक्के आणि चुकणारे 40 टक्के असा प्रश्न सरासरी 38 गुणांचा. खात्री 30 टक्के आणि चुकणारे 85 टक्के असा फक्त साडेपंचविसाचा.

शोधाशोध करायची नाही हे तुम्हाला ठाऊकच असेल. स्वयंपाकघरातून आईला विचारणं हेही त्यातच येतं, आणि मुदत संपेपर्यंत ग्रुपवर 'आजचा चौथा सोपा होता' असं लिहिणंसुद्धा. तेवढ्यानं दुसऱ्याचा बचाव बदलतो.

शेवटी मुदतीचं. लर्नेडलीगमध्ये जिंकल्यास 2, बरोबरीला 1 आणि न खेळता सोडल्यास उणे 1 गुण, म्हणजे विसरणं हरण्यापेक्षा महाग. तुमची लीग चालवणारे अमेरिकेत न्यू जर्सीत आहेत असं तुम्ही लिहिलंय. मुदत तिथल्या मध्यरात्रीची असेल तर ती म्हणजे उन्हाळ्यात आपले सकाळचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात. मार्चच्या त्या सोमवारी साडेदहाच्या भरवशावर राहिलेल्यांचा सामना बुडतो. गजर वर्षभर साडेआठचाच लावून ठेवा.